गोटीला कुळ नसते : 'वेइची' या प्राचीन चिनी पटखेळाचा इतिहास

दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात, म्हणजे ब्रह्मजालसुत्तात, तथागत ज्या करमणुकींपासून अलिप्त राहिले त्यांची एक दीर्घ यादी आली आहे. तिच्या आरंभीच 'अट्ठपद' आणि 'दसपद' ही नावे आढळतात. आठ व दहा घरांच्या ओळी आखलेल्या पटावर खेळावयाचे हे खेळ होत. या साऱ्या खेळांना तेथे 'जूतप्पमादट्ठान', म्हणजे द्यूताची व प्रमादाची स्थाने, असे म्हटले आहे. असे असता बौद्ध विद्येला वाहिलेल्या नियतकालिकात एका पटखेळावर लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाला बगल द्यावी असे आम्हांस वाटत नाही. उलट त्याच्यापासूनच आरंभ करणे योग्य होईल. चीनमध्ये 'वेइची', जपानमध्ये 'गो' आणि कोरियात 'बादुक' या नावांनी ओळखला जाणारा हा खेळ दोन सहस्र वर्षांहून अधिक काळ अखंड खेळला जात आहे. त्याचा इतिहास चाळू लागले की पानोपानी भिक्खू, विहार आणि बौद्ध राजे भेटतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या खेळात सोंगटीला दर्जा नाही, त्या खेळाचा सर्वोच्च मान शतकानुशतके काही घराण्यांकडे राहिला आणि अखेर तो सर्वांसाठी खुला झाला. हा प्रवास कसा घडला, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

खेळाचे स्वरूप

आपल्याकडील बुद्धिबळाचा पट मांडला की राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा आणि प्यादी आपापल्या ठरलेल्या जागी उभी राहतात. कोणी किती चालावे, कसे चालावे, हे डाव सुरू होण्यापूर्वीच निश्चित असते. वेइचीचा पट आरंभी संपूर्ण रिकामा असतो. त्यावर १९ उभ्या व १९ आडव्या रेषा असतात आणि त्यांच्या छेदाने ३६१ बिंदू तयार होतात. एका खेळाडूकडे काळ्या गोट्या, दुसऱ्याकडे पांढऱ्या. काळ्याने प्रथम खेळावे आणि मग दोघांनी आळीपाळीने एकेक गोटी घरात नव्हे तर रेषांच्या छेदबिंदूवर ठेवावी. ठेवलेली गोटी पुन्हा हलत नाही. सर्व गोट्या सारख्याच. त्यांत राजा नाही आणि प्यादेही नाही.

'वेइची' या शब्दाचा अर्थच 'घेरण्याचा पटखेळ' असा आहे. पटावरील अधिकाधिक रिकामी जागा आपल्या गोट्यांनी वेढून घेणे हे ध्येय. पटाच्या मध्यभागी ठेवलेल्या एकट्या गोटीला चारही बाजूंनी चार मोकळे बिंदू लाभतात. कडेवर तीन आणि कोपऱ्यात केवळ दोन. या मोकळ्या बिंदूंना चिनी भाषेत 'श्वास' असेच नाव आहे. प्रतिपक्षाने सर्व श्वास कोंडले की गोटी पटावरून उचलली जाते. परंतु आपल्याच रंगाची दुसरी गोटी रेषेवर शेजारी येऊन जोडली गेली, तर दोघींचे श्वास एक होतात आणि त्या एकत्र जगतात वा एकत्र मरतात. ज्या समूहाने आपल्या पोटात दोन स्वतंत्र रिकाम्या जागा राखल्या, तो सर्व बाजूंनी वेढला गेला तरी मारला जात नाही. या जागांना 'डोळे' म्हणतात. दोन डोळे असलेला समूह जिवंत, हा या खेळाचा मूलभूत सिद्धान्त होय. गोटीचे बळ तिच्या जातकुळीत नसते. ती कोठे ठेवली आणि कोणाशी जोडली गेली यात असते.

आणखी एक नियम बौद्ध अभ्यासकांना विशेष रोचक वाटेल. काही स्थितींत दोन्ही खेळाडू एकमेकांची एकच गोटी आलटून पालटून अनंत काळ मारीत राहू शकतात. म्हणून अशी गोटी तत्काळ उलट मारण्यास मनाई आहे. आधी अन्यत्र एक खेळी करावी लागते. या स्थितीचे नाव जपानीत 'को'. ते ज्या चिनी अक्षराने लिहितात, त्याच अक्षराने चिनी भाषांतरकारांनी आपला 'कल्प' हा शब्द लिहिला. त्या अक्षराचा जुना अर्थ 'बळाने हिरावणे' असा असून, न संपणाऱ्या या हिसकाहिसकीला दोन्ही अर्थ सारखेच शोभतात.

चीनमधील उगम

सम्राट याओने आपल्या उनाड पुत्राला वळण लावण्यासाठी हा खेळ निर्माण केला, अशी आख्यायिका चीनमध्ये सांगतात. ती इतिहास नव्हे. 'झुओझुआन' या प्राचीन वृत्तग्रंथात इ.स.पू. ५४८ च्या प्रसंगी या खेळाचा उल्लेख येतो. गोटी उचलून कोठे ठेवावी हे न ठरविणाऱ्या खेळाडूची उपमा तेथे एका डळमळीत मंत्र्याला दिली आहे. कन्फ्यूशियसने दिवसभर जेवून स्वस्थ बसण्यापेक्षा पटखेळ बरा, इतपतच त्याची भलामण केली. मेन्शियसने मात्र यी छिउ या निष्णात खेळाडूच्या दोन शिष्यांचा दाखला दिला आहे. एक चित्त लावून शिकतो. दुसऱ्याचे लक्ष आकाशातून येणाऱ्या हंसाकडे. दोघांच्या बुद्धीत फरक होता काय, असा मेन्शियसचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर 'नाही' असे आहे.

आरंभी पट लहान होता. हपै प्रांतातील वांगदू येथे इ.स. १८२ च्या एका थडग्यात दगडी पट सापडला, त्यावर १७ रेषा आहेत. आन्यांग येथील इ.स. ५९५ च्या थडग्यातील चिनी मातीच्या पटावर मात्र १९ रेषा आढळतात. तेव्हापासून आजतागायत पटाचा आकार तोच राहिला आहे.

येथे श्रेणींचा विषय लक्षात घेण्यासारखा आहे. इ.स. २२० मध्ये चीनच्या वेइ राज्यात अधिकारपदासाठी माणसांची नऊ श्रेणींत प्रतवारी करण्याची पद्धत सुरू झाली. हेतू गुणी माणसे निवडण्याचा. परंतु लवकरच वरच्या श्रेणी उच्च कुळांच्या हाती गेल्या आणि सामान्य घरच्या माणसाला तेथे शिरकाव उरला नाही. वेइचीच्या खेळाडूंचीही याच धर्तीवर नऊ श्रेणींत प्रतवारी होऊ लागली. सर्वांत खालच्या श्रेणीचे नाव 'अनाडीपण राखणारा' आणि सर्वांत वरच्या श्रेणीचे 'दिव्यत्वात प्रवेश केलेला'. दरबारातील श्रेणी कुळाच्या शिफारशीवर मिळे. पटावरील श्रेणी मात्र समोरच्या माणसाशी खेळून सिद्ध करावी लागे. आजच्या व्यावसायिक खेळातील 'नववा डॅन' ही सर्वोच्च पायरी याच नऊ श्रेणींचे स्मरण आहे.

विहारांच्या छायेत

चौथ्या शतकातील विद्वान भिक्खू झी दुन (इ.स. ३१४-३६६) याने प्रज्ञापारमिता विचाराचे विवरण केले. त्यानेच या खेळाला 'हातांचे संभाषण' असे नाव दिले. दोन माणसे एक शब्दही न बोलता, केवळ गोट्या ठेवीत एकमेकांचे मन वाचतात, असा त्याचा भाव. हे नाव पूर्व आशियात आजही प्रचलित आहे.

लिआंग वंशाचा सम्राट वू (कारकीर्द इ.स. ५०२-५४९) हा बौद्ध धम्माचा मोठा आश्रयदाता होता आणि वेइचीचा निस्सीम चाहताही. त्याच्या आज्ञेने लिउ युन याने २७८ खेळाडूंची प्रतवारी लावली. याच सम्राटाविषयी तांगकाळातील एका ग्रंथात एक विदारक आख्यायिका आहे. सम्राटाने एका आदरणीय भिक्खूला भेटीस बोलाविले. भिक्खू आला तेव्हा सम्राट डावात गढलेला होता. प्रतिपक्षाच्या गोट्यांचा समूह मारण्याच्या भरात तो उद्गारला, "मारून टाका!" सेवकाने ती राजाज्ञा समजून भिक्खूचा शिरच्छेद केला. डाव संपल्यावर सम्राटाने भिक्खूची चौकशी केली, तेव्हा उशीर झाला होता. ही कथा खरी असो वा नसो, 'प्रमाद' या शब्दाचा अर्थ तिच्याइतका स्पष्ट क्वचितच कोठे झाला असेल.

वेइचीवरील उपलब्ध ग्रंथांपैकी अत्यंत जुना असा एक ग्रंथ दुनहुआंगच्या बौद्ध गुंफांतील हस्तलिखितांच्या साठ्यात सापडला. तो सामान्यतः सहाव्या शतकातील मानला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑरेल स्टाइन यांनी तेथून नेलेल्या हस्तलिखितांत तोही होता. आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. सूत्रग्रंथांच्या शेजारी एका खेळाचा ग्रंथ जपला गेला, ही गोष्ट बोलकी आहे.

तांगकाळातील भिक्खू यी शिंग (इ.स. ६८३-७२७) हा थोर ज्योतिर्गणिती होता. पटावर एकूण किती मांडण्या संभवतात याचे गणित त्याने केले होते, अशी नोंद अकराव्या शतकातील विद्वान शेन कुओ याने केली आहे. प्रत्येक बिंदू काळा, पांढरा वा रिकामा. असे ३६१ बिंदू. हाच प्रश्न पुढे संगणकाच्या साहाय्याने सोडविला गेला आणि नियमांत बसणाऱ्या मांडण्यांची नेमकी संख्या २०१६ मध्ये निश्चित झाली. ती १७१ अंकी आहे.

चीनमधून हा खेळ कोरिया व जपान येथे पोहोचला. जपानच्या नारा येथील तोदाइजी विहाराच्या शोसोइन या कोषागारात सम्राट शोमूचा पट आजही आहे. त्याच्या निधनानंतर इ.स. ७५६ मध्ये सम्राज्ञी कोम्यो हिने त्याच्या वस्तू तेथील महाबुद्धास अर्पण केल्या, त्यांत तो होता. मौल्यवान लाकडाचा, नक्षी जडविलेला तो पट आणि हस्तिदंताच्या रंगीत गोट्या आजही पाहणाऱ्याला थक्क करतात.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. त्याच आठव्या शतकात, इ.स. ७५७ मध्ये, जपानमध्ये अमलात आलेल्या योरो विधिसंहितेत भिक्खू-भिक्खुणींसाठी एक प्रकरण आहे. वाद्यसंगीत वा जुगार यांत रमणाऱ्या भिक्खूस १०० दिवस कष्टाची शिक्षा तेथे सांगितली आहे. मात्र गो आणि सप्ततंत्री वाद्य या दोहोंना त्या बंदीतून वगळले आहे. हा राज्याचा कायदा होता, बुद्धवचन नव्हे. त्यामुळे ब्रह्मजालसुत्तातील शब्द रद्द होत नाही. पण जुगार आणि बुद्धीचा अभ्यास यांत त्या समाजाने रेषा कोठे ओढली, ते यावरून कळते. गृहस्थांसाठी असलेल्या सिगालोवादसुत्तात द्यूताचे सहा दोष सांगितले आहेत. जिंकणारा वैर जोडतो, हरणारा गेलेल्या धनाचा शोक करतो, संपत्ती नासते, सभेत शब्दाला किंमत उरत नाही, मित्र तुच्छ लेखतात आणि विवाहसंबंधास कोणी पुढे येत नाही. हे दोष पणाला लावलेल्या धनाचे आणि हरवलेल्या भानाचे आहेत. पैशाची पैज लावून खेळले तर गोही त्यातून सुटत नाही.

विहारातून घराण्याकडे

सोळाव्या शतकाच्या अखेरीस क्योतोच्या जाक्कोजी या निचिरेन संप्रदायाच्या विहारात निक्काइ नावाचा भिक्खू राहत असे. विहाराच्या आवारातील ज्या उपविहारात त्याचे वास्तव्य होते, त्याचे नाव 'होनिन्बो'. आपल्या काळातील तो सर्वश्रेष्ठ खेळाडू होता आणि पुढे होनिन्बो सान्सा (१५५९-१६२३) या नावाने प्रसिद्धीस आला. १६१२ मध्ये तोकुगावा इएयासूच्या शासनाने अग्रगण्य खेळाडूंना वेतन बांधून दिले. त्यातून होनिन्बो, इनोउए, यासुइ आणि हायाशी ही चार घराणी उभी राहिली. वर्षातून एकदा शोगुनच्या किल्ल्यात त्यांचे सामने होत. तेथे बसण्याचा मान या घराण्यांचाच.

या घराण्यांविषयी न्याय्य बोलावयाचे तर एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वारसा बहुधा रक्ताने नव्हे, तर दत्तकविधानाने चाले आणि घराणेप्रमुख आपल्या उत्तम शिष्याला वारस नेमीत असे. होनिन्बो शुसाकु (१८२९-१८६२) हा एका लहान बेटावरील व्यापाऱ्याचा मुलगा. गुणांमुळे तो वारस ठरला आणि किल्ल्यातील सामन्यांत सलग १९ डाव जिंकला. १८६२ मध्ये एदो शहरात कॉलऱ्याची साथ आली. होनिन्बो घराण्यातील आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता त्यालाच रोग जडला आणि त्यातच त्याचा अंत झाला. पटावरून दृष्टी न काढणारा सम्राट वू आणि पट बाजूला सारून रुग्णांपाशी बसणारा शुसाकु, या दोघांचा खेळ एकच होता. प्रमाद पटात नसतो, माणसात असतो, हे सांगण्यास आणखी पुरावा नको.

शुसाकुच्या मृत्यूनंतर मात्र व्यवस्थेचे खरे रूप उघड झाले. मुरासे शुहो हा सुताराचा मुलगा तेव्हा घराण्यातील सर्वांत समर्थ शिष्य होता. परंतु वारसपद प्रमुखाच्या औरस पुत्राकडे, शुएत्सुकडे गेले. १८६८ च्या राज्यक्रांतीनंतर घराण्यांचे वेतन बंद पडले. १८७९ मध्ये शुहोने घराण्यांच्या बाहेर 'होएनशा' ही संस्था उभारली. तिच्या वाढत्या बळापुढे घराण्यालाच अखेर नमते घ्यावे लागले. १८८६ मध्ये समेट होऊन तो १८ वा होनिन्बो झाला आणि त्याच वर्षी निवर्तला. सुताराच्या मुलाला आपल्या हक्काच्या जागी बसण्यास २४ वर्षे लागली.

किताब खुला होतो

१९२४ मध्ये विखुरलेले गट एकत्र येऊन 'निहोन किइन' ही संस्था स्थापन झाली. २१ वा होनिन्बो शुसाइ याने आपल्यानंतर हा किताब घराण्याच्या वारशाने न देता स्पर्धेतील विजेत्याला द्यावा, यासाठी तो संस्थेच्या स्वाधीन केला. त्याचा निवृत्तीचा सामना १९३८ मध्ये कितानी मिनोरू याच्याशी झाला. जून ते डिसेंबर असा रेंगाळलेला हा एकच डाव शुसाइ पाच गुणांनी हरला. त्याचे वृत्तान्त लिहिणाऱ्या कावाबाता यासुनारी यांनी पुढे त्यावर कादंबरी रचली. त्यांना १९६८ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३९ मध्ये पहिली होनिन्बो स्पर्धा सुरू झाली आणि १९४१ मध्ये सेकियामा रिइची पहिला विजेता ठरला. आता जो जिंकेल तो होनिन्बो.

दार एकदा उघडले की त्यातून कोण कोण आत येईल हे सांगता येत नाही. चीनच्या फूच्येन प्रांतात १९१४ मध्ये जन्मलेला वू छिंगयुआन १४ व्या वर्षी जपानला आला आणि 'गो सेइगेन' या नावाने ओळखला गेला. १९३९ मध्ये कामाकुराच्या केंचोजी या झेन विहारात कितानीशी त्याच्या दहा डावांच्या सामन्याचा पहिला डाव झाला. त्यानंतरच्या १७ वर्षांत अशाच सामन्यांतून त्याने जपानच्या सर्व अग्रगण्य खेळाडूंना मागे टाकले. १९६८ मध्ये शांघाय येथे जन्मलेला रिन काइहो होनिन्बो झाला. १९८९ ते १९९८ अशी सलग दहा वर्षे हा किताब कोरियात जन्मलेल्या चो चिकुनने राखला. चीनच्या रुइ नाइवेइ १९८८ मध्ये नववा डॅन मिळविणाऱ्या जगातील पहिल्या महिला ठरल्या. त्यांनाही पुढे अनेक वर्षे परदेशी, नियमित व्यावसायिक स्पर्धांविना काढावी लागली. २००० मध्ये कोरियात चो हुनह्यूनसारख्या दिग्गजास हरवून त्यांनी 'कुक्सू', म्हणजे 'देशाचा हात', हा मोठा किताब जिंकला. सर्वांसाठी खुला असा मोठा किताब स्त्रीने जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

स्पर्धेच्या नियमांतही समतेचा विचार दिसतो. प्रथम खेळण्याने काळ्याला लाभ होतो. म्हणून पांढऱ्याला 'कोमी' या नावाने भरपाईचे गुण मिळतात. जपान व कोरियात साडेसहा, चीनमध्ये साडेसात. अर्ध्या गुणामुळे बरोबरी टळते. बळ असमान असेल, तर दुर्बल खेळाडूला आरंभीच दोन ते नऊ गोट्या पटावर ठेवू देतात. नवशिका व निष्णात एकाच पटावर सन्मानाने बसू शकतात. आणि नवशिक्याची प्रगती झाली की ती सवलत एकेका गोटीने कमी होत जाते. सवलतीचे मोजमाप प्रत्यक्ष अंतराने व्हावे आणि अंतर मिटेल तशी ती मिटावी, हे तत्त्व किती साधे आणि किती न्याय्य आहे!

यंत्रापुढे माणूस

मार्च २०१६ मध्ये सोल येथे 'अल्फागो' या संगणकप्रणालीने कोरियाच्या ली सेडोलला चार विरुद्ध एक असे हरविले. दुसऱ्या डावातील तिची ३७ वी खेळी जाणकारांना प्रथम चूक वाटली आणि तीच निर्णायक ठरली. चौथ्या डावात ली सेडोलने ७८ व्या खेळीने यंत्रास चकविले. पुढील वर्षी वूझेन येथे चीनचा के जिए तिन्ही डाव हरला. तेव्हापासून जुन्या गुरूंनी वर्ज्य ठरविलेल्या काही खेळ्या, उदाहरणार्थ डावाच्या आरंभीच कोपऱ्यात शिरून प्रतिपक्षास बाहेर भक्कम भिंत बांधू देणे, सर्रास खेळल्या जाऊ लागल्या. परंपरेने सांगितले म्हणून स्वीकारू नका, या कालामसुत्तातील उपदेशाची येथे आठवण व्हावी. ज्या खेळाडूंनी पराभव पचवून आपले जुने ग्रह तपासले, तेच पुढे गेले.

समारोप

वेइची खेळल्याने कोणी धम्माच्या मार्गावर पुढे जाईल, असे आमचे म्हणणे नाही. भिक्खूंसाठी घातलेली मर्यादा भिक्खूंनी पाळावीच. आमचा मुद्दा इतकाच की, हा पट माणसांच्या व्यवस्थेसमोर एक आरसा धरतो. पटावरच्या गोट्या आरंभापासूनच समान होत्या. त्या मांडणाऱ्या माणसांना तेथवर पोहोचण्यास शेकडो वर्षे लागली. शुसाइने मान खुला केला तेव्हा खेळाची प्रतिष्ठा घटली नाही, उलट ती देशांच्या सीमा ओलांडून वाढली. गुणाला वाट मोकळी केल्याने कोणतीही विद्या उणी होत नाही. मेन्शियसने दोन शिष्यांविषयी विचारलेला प्रश्न म्हणूनच आजही ताजा आहे. फरक बुद्धीत नव्हता. फरक होता तो चित्त कोठे लावले यात, आणि पटापाशी बसण्याची संधी दोघांनाही मिळाली होती यात त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे.